जठरावर हात ठेवा

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या कॉलनीच्या मंडळानं ‘आरोग्य प्रश्नमंजूषा’ ठेवली आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडणारच होतं. तीस-बत्तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलेली बाई घरी रिकामी बसली आहे म्हटल्यावर मंडळाचे पोट्टे दुसऱ्या कुणाकडे कशाला जातील? “मॅडम, सोपे काढा जी. बायाही येतील, म्हातारेही येतील. पंचवीस प्रश्न बस झाले. पहिलं बक्षीस मिक्सर आहे.”

चोवीस प्रश्न कागदावर काढले. पंचविसावा कागदावरचा नव्हता, हाताचा होता, आणि तो मी सगळ्यात आधी घेतला. माइक हातात घेऊन म्हटलं, “सगळ्यांनी आपल्या जठरावर हात ठेवा.”

“जठर म्हणजे पोटच ना मॅडम?”

“खाल्लेलं अन्न गिळल्यावर ज्या पिशवीत पडतं, ती पिशवी.”

मंडप भरलेला होता. सगळे हात एकजात बेंबीवर गेले. काहींचे तर बेंबीच्याही खाली, जिथे मूत्राशय असतं तिथे. पुढच्या रांगेत नीटची तयारी करणारी आमच्या शेजारची पोरगी बसली होती. तिला जठररसातल्या प्रत्येक विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव पाठ, कोणत्या पेशीतून कोणता स्राव येतो तेही पाठ. तिचाही हात बेंबीवर. खरं जठर बरंच वर असतं, डावीकडे, बरगड्यांच्या आड, श्वासपटलाला लागून. पोटभर जेवल्यावर दम लागल्यासारखं होतं ते त्यामुळेच. भरलेली पिशवी वरच्या पडद्याला ढकलत असते.

एकच हात बरोबर जागी होता. कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानवाल्या भाऊंचा. मी कौतुक केलं तर ते लाजले आणि म्हणाले, “मी बकऱ्याच्या हिशोबानं ठेवला जी. पण बकऱ्याले तर चार कप्पे असतात. तुम्ही कोणतं विचारून राहिले?”

खरं आहे. बकरी रवंथ करणारी. तिच्या जठराला चार कप्पे, आणि पहिला सगळ्यात मोठा कप्पा डाव्या बाजूला. रोज सकाळी वजडी साफ करणाऱ्या माणसाला जे ठाऊक होतं ते नीटवालीला नव्हतं, असं म्हणून टाळी घेता आली असती. घेतली नाही. कारण भाऊंना जठर माहीत होतं ते बकऱ्याचं, आणि पोरीला माहीत होतं ते पुस्तकातलं. स्वतःचं दोघांनाही माहीत नव्हतं. भाऊंचा हात योगायोगानं बरोबर पडला.

दुसरा हाताचा प्रश्न मी ऐन वेळी घुसडला: काळजावर हात ठेवा. झालं! अर्धा मंडप छातीवर डावीकडे, भाऊ उजव्या बरगड्यांखाली. वादच लागला. भाऊ म्हणतात, “कलेजी इथंच असते, मी रोज काढतो.” आमच्या कॉलनीतले कविता करणारे एक काका म्हणतात, “काळीज धडधडतं, कलेजी कशी धडधडेल?” आपल्या भाषेनं हा घोळ करून ठेवला आहे. काळीज म्हणजे यकृतही आणि हृदयही. भीतीनं ‘काळजाचं पाणी’ होतं ते कुठल्या अवयवाचं, हे मराठी माणसानं कधी ठरवलंच नाही आणि त्यावाचून आपलं काही अडलंही नाही.

अडतं ते दवाखान्यात. ‘मला पित्त झालंय’ याचे तीन अर्थ होतात. छातीत जळजळ होते, ते पित्त. अंगावर लाल गांधी उठतात, तेही पित्त. आणि पुस्तकात यकृतातून निघून पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा द्रव, जो मेद पचवायला मदत करतो, ते तिसरं. पहिल्या पित्तात मुख्य दोष जठरातल्या आम्लाचा, दुसऱ्यात त्वचेतल्या हिस्टॅमिन नावाच्या रसायनाचा. खऱ्या पित्ताचा हात दोन्हीत नाही. डेंगीच्या दिवसांत ‘पेशी कमी झाल्या’ असं घरोघरी ऐकू येतं. कोणत्या पेशी? अंगात पेशींखेरीज आहे काय? म्हणायचं असतं प्लेटलेट. ‘तिला थायरॉइड आहे’ हे वाक्य ऐकलं की माझ्यातली मास्तरीण अजून जागी होते: थायरॉइड सगळ्यांनाच असते बाई, गळ्यात, फुलपाखरासारखी, तुझी कमी काम करते की जास्त, ते सांग. पण मी बोलत नाही. लोकांनी लग्नाला बोलवायचं बंद केलं असतं.

कागदावरचे बरेचसे प्रश्न नेहमीचे होते आणि त्यांची उत्तरंही नेहमीसारखी आली. मोठ्या माणसाच्या शरीरात हाडं किती? २०६, सगळ्यांना येतं. मग तान्ह्या बाळात कमी की जास्त? इथे मंडप फुटला. बाळ लहान, म्हणजे हाडं कमी, असा सरळ हिशोब. असतात उलट जास्त, जवळजवळ ३००; वाढता वाढता कवटीची, माकडहाडाची हाडं एकमेकांत सांधत जातात. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात सापडला तो कोणत्या शहरात? सिकंदराबादेत, १८९७ साली, रोनाल्ड रॉसला. एका निवृत्त शिक्षकांनी तारीखसुद्धा सांगितली, २० ऑगस्ट. ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव ऐकून एकानं विचारलं, “नागपूर रक्तगट नाही का?” नाही. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली तो शोधला म्हणून ते नाव. ही माणसं साध्या चाचणीत ओ गटाची दिसतात, पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही. फक्त त्यांच्यासारख्यांचंच लागतं.

क जीवनसत्त्वाच्या प्रश्नावर तर मला गावाबाहेर काढायचंच बाकी होतं. संत्रं, पेरू, लिंबू, आवळा: सर्वांत जास्त कशात? नागपुरात हा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला कळायला हवं होतं. उत्तर आवळा, आणि पेरूसुद्धा संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे. एका आजोबांनी उठून विचारलं, “पण मग संत्र्याचं काय?” जणू संत्र्याला पेन्शन नाकारली होती.

नीटबद्दल चार वाक्यं बोलायला हवीत, कारण आमच्या शहरात आता जीवशास्त्र म्हटलं की लोकांना तेवढंच ऐकू येतं. ७२० पैकी ३६० गुण या एका विषयाचे. चौकाचौकात क्लासेसचे फलक, त्यावर डॉक्टर झालेल्या नि होऊ घातलेल्या पोरांचे फोटो. या परीक्षेला नावं ठेवायची फॅशन आहे आणि मीही ठेवली आहेत. पण तिच्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर वजा एक, आणि सोडून दिलं तर शून्य. म्हणजे ‘मला येत नाही’ ही गोष्ट ‘मला चुकीचं येतं’ यापेक्षा वरच्या दर्जाची आहे, हे तिथे गुणांच्या भाषेत मान्य केलं आहे. मी आयुष्यभर जे पेपर काढले त्यांत कोऱ्या उत्तरालाही शून्य आणि चुकीच्यालाही शून्य. ‘काहीतरी लिहून या रे, कोरं ठेवू नका’ असं आम्हीच पोरांना सांगायचो. ती सवय मग आयुष्यभर जात नाही. ताप आलेल्या माणसाभोवती पाच नातेवाईक जमले की पाचही जण काहीतरी लिहूनच जातात.

माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत चांगला प्रश्न अकरावा होता. जुलाब झाल्यावर मीठ-साखर-पाणी देतात, त्यात साखर कशासाठी?

नागपूरच्या माणसाला हे पाणी नवीन नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, रस्ते दुपारी ओस पडले, की शाळेतल्या पोरांपासून ऑटोवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या हातात काहीतरी असतं: पन्हं, ताक, मीठ-साखरेचं पाणी, आणि खिशात कांदा. (कांदा खिशात ठेवून ऊन कसं टळतं, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. कांदा खाल्ला तर पोटात जातो, एवढं तरी होतं. पण माझा नवरा बत्तीस वर्षं खिशात कांदा घेऊन हिंडला आणि त्याला ऊन लागलं नाही, असा पुरावा माझ्यासमोर ठेवण्यात येतो.)

उत्तर जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं: शक्ती यावी म्हणून. काहींनी: चव यावी म्हणून. थोडं पुढे गेलेल्यांनी: ग्लुकोज मिळावं म्हणून. सगळ्यांची साखर तोंडातून थेट हातापायांत जात होती. आतड्यापाशी कुणीच थांबलं नव्हतं.

आणि गंमत आहे ती आतड्यातच. लहान आतड्याच्या अस्तरात एक दार असं आहे, की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज दोघं जोडीनंच आत येतात. एकट्याला प्रवेश नाही. मीठ एकटं गेलं तर त्या दारातून आत येत नाही. साखर सोबत असेल तर येतं. आणि मीठ-साखर जिकडे जाईल तिकडे पाणी त्यांच्यामागून जातं. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, जंतूंचं विष आतड्यातून पाणी नि क्षार भसाभस बाहेर ओतायला लावतं, पण हे जोडीचं दार बंद करू शकत नाही. तेवढं एक दार उघडं राहतं. साखर ही त्या दाराची चावी. शक्ती-बिक्ती नंतरच्या गोष्टी.

दाराचा हा हिशोब १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं मांडला. त्याच्या आदल्याच वर्षी कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी पटकीच्या जंतूचं विष दाखवून दिलं होतं. आणि १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धात, सीमेवर बनगाँवच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे माणसं जमिनीवर ओळीनं पडली होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा एक लिटर पाण्यात, असा हिशोब धरून पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत पाणी कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. पाजा. मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. सुई नाही, नर्स नाही, पेला. आपल्याकडे अजूनही ‘डॉक्टरनं सलाइनसुद्धा लावली नाही’ ही तक्रार असते, म्हणून हे जरा लांबवलं.

घरच्या मापात सांगायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर जास्त घातली तर शक्ती जास्त येत नाही, जुलाब वाढतात. जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते. माइकवर हे सांगत होते तेव्हा मागून एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, “मी तं चांगली मूठभर टाकतो वं.” माझ्या पंचवीस प्रश्नांतून त्या दिवशी खरंखुरं कळलेलं कुणाला काही असेल, तर तिला.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले ते.

१९९६ साल असावं. घटक चाचणीत मी प्रश्न घातला होता: पेप्टिक अल्सरची कारणं लिहा, तीन गुण. माझं आदर्श उत्तर तयार होतं: मानसिक ताण, अतितिखट व मसालेदार आहार, जठरातल्या आम्लाचं वाढलेलं प्रमाण. प्रत्येकी एक. नागपुरात हे उत्तर शिकवायचीही गरज नव्हती. सावजीच्या रश्श्याची तर्री ज्यानं एकदा चाखली त्याला ते आतूनच पटलेलं असतं.

एका मुलानं तीन कारणं लिहिली नाहीत. एकच ओळ लिहिली. अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळे होतो. नाव लिहिताना दोन ठिकाणी चुकला होता. मी ओळीवर लाल रेघ मारली, शून्य दिला आणि समासात लिहिलं: ‘पुस्तक नीट वाचा.’

तो स्टाफरूमशी आला. सरळ उभा राहून बोलणाऱ्यातला नव्हता, दाराच्या चौकटीला टेकून. “मॅडम, पेपरात आलं होतं.”

“पेपरात काहीही येतं,” मी म्हटलं. “आपल्या पेपरात काय लिहायचं ते पुस्तकात आहे.” वर शास्त्रीय कारणही दिलं: जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की त्यात जिवाणू जगूच शकत नाही, गेल्याच महिन्यात शिकवलं ना? तो ‘हो’ म्हणाला आणि गेला. शिक्षकाशी दुसऱ्यांदा वाद न घालण्याइतकं तो आमच्याकडे शिकला होता.

माझी अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, याबाबतीत कधी चर्चा झाली नव्हती. खरं तर अल्सरचं घरगुती विद्यापीठ तेच होते. मी शाळेत असल्यापासून त्यांना लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण होता. रात्री दोन वाजता उठून ओट्यापाशी उभ्यानं थंड दूध पिणारी त्यांची पाठ हे माझ्या बालपणातलं एक पक्कं चित्र आहे. तिखट बंद, चहा बंद, सांबारवडी बंद. (नागपूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) चिडू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि ते चिडले की आई त्यांच्या पोटाचं नाव घेऊन आम्हाला रागवायची. दुधानं घटकाभर बरं वाटतं आणि मग जठर आणखी आम्ल सोडतं, हे तेव्हा कुणाला सांगायचं सुचलं नाही.

१९९८ मध्ये त्यांना काळी शौच झाली. धंतोलीत एका तरुण पोटविकारतज्ज्ञाकडे नेलं. दुर्बीण घातली, जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढला आणि तो त्यानं एका लहानशा पिवळ्या चकतीत खोचून टेबलावर ठेवला. आम्ही बोलत बसलो. काही वेळानं त्यानं ती चकती माझ्यापुढे सरकवली. तुकड्याभोवतीचा पिवळा रंग गुलाबी झाला होता, कुंकवाचा थेंब ओल्या हळदीत फुटावा तसा कडेकडेनं पसरत चाललेला.

“जिवाणू आहे,” तो म्हणाला. “हा यूरिएज नावाचं विकर बनवतो. त्यानं युरियाचा अमोनिया होतो, अमोनिया आम्ल मारतो. स्वतःभोवती एक कवच करून हा आम्लात राहतो. नाव जरा अवघड आहे.”

नाव मला येत होतं. मी त्यावर रेघ मारली होती.

चौदा दिवस दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी एक गोळी. बस. पंचवीस-एक वर्षांचं दूध, पथ्य, न चिडणं एका पंधरवड्यात संपलं. महिनाभरानं अण्णांनी स्वतः इतवारीतून मसाला आणून रस्सा करायला लावला, आणि घाम पुसत, चिडत, खाल्ला.

मग मी वाचत सुटले. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांना रुग्णांच्या जठरात वळणदार जिवाणू दिसत होते, पण प्रयोगशाळेत वाढत नव्हते. तबकड्या दोन दिवस बघायच्या आणि फेकून द्यायच्या, अशी रीत. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीत त्या पाच दिवस तशाच राहिल्या, आणि जिवाणू उगवून आले. त्यांना वेळ जास्त लागत होता एवढंच. तरी कुणी ऐकेना. आम्लात जिवाणू जगत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं ना! मी स्टाफरूममध्ये जे सांगितलं तेच जगातले मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. ही सोबत बरी असली तरी दिलासा फारसा नाही. १९८४ मध्ये मार्शलनं ते जिवाणू कालवलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, आणि दुर्बिणीत जठराला आलेली सूज. अल्सर नव्हे, सूज. कथा सांगताना लोक इथे फोडणी देतात. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं जिवाणूवरच्या उपचाराची शिफारस केली. म्हणजे माझी लाल रेघ त्यानंतर दोन वर्षांनी पडली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. ते पेपरात आलं होतं.

त्या मुलाचं उत्तरही पूर्ण नव्हतं, हे मला आज माहीत आहे. दुखणं कमी करायच्या काही गोळ्यांनीही अल्सर होतात, आणि जिवाणू असलेल्या सगळ्यांनाच काही तो होत नाही. पण माझी तिन्ही कारणं मिळून जेवढं खरं होतं, त्याहून त्याची एक ओळ जास्त खरी होती. मी त्याची चौकशी केली. तो पुढे बी.कॉम.ला गेला, एवढंच कळलं. तीन गुणांमुळे गेला असं नाही. तसं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं करून घेणं होईल.

तेव्हापासून उत्तरपत्रिका तपासताना वेगळं उत्तर दिसलं की मी पेन्सिलीनं कडेला टिंब द्यायचे आणि घरी येऊन शोधायचे. बहुतेक वेळा ते चुकलेलंच निघायचं. गुणसूत्रं ४८, असं लिहिणारी एक मुलगी होती. तिच्या घरी कुणाचं तरी जुनं पुस्तक असणार. कारण १९२३ च्या सुमाराला माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं मोजली गेली आणि १९५६ मध्ये स्वीडनमध्ये ४६ मोजली जाईपर्यंत तीस-बत्तीस वर्षं जगभरची पोरं ४८ लिहून पास होत होती. तिला गुण दिला नाही, पण ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मग मी तेव्हा असते तर?” तेव्हा असतीस तर पास.

तर असा सगळा अनुभव गाठीशी असताना, इतकी शहाणी झालेली मी, त्या गणपतीत पुन्हा चुकले.

सतरावा प्रश्न सिकलसेलचा होता. पूर्व विदर्भात हा आजार पुस्तकातला नाही, घरातला आहे. ‘एएस आहे’, ‘एसएस आहे’ असं लोक राशी सांगावी तसं सांगतात. (एएस म्हणजे दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला, नुसता वाहक; एसएस म्हणजे दोघांकडूनही आलेला, आजारी.) हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं येतं, एवढाच बदल. पण त्यानं तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते, हाडांत वेदनांचे झटके येतात, आणि १२० दिवस जगायची ती पेशी दोन-तीन आठवड्यांतच मरते. प्रश्न असा: आई आणि वडील दोघंही एएस असतील, तर मूल एसएस होण्याची शक्यता किती? पर्याय शून्य, २५, ५० आणि १०० टक्के. बहुतेकांनी २५ वर बरोबर खूण केली होती. मी खूश. माइकवर म्हटलं, “शाब्बास! चारातला एक.”

कार्यक्रम संपल्यावर प्रसादाच्या टेबलापाशी मागच्या वस्तीतली एक जण थांबली होती. तिशीच्या आतली. तिचा मोठा आठ वर्षांचा, एसएस. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गोळ्या सुरू आहेत. तिचा कागद मला आठवत होता, सतराव्याला बरोबर खूण होती.

“मॅडम, चारातल्या एकाले होते ना?”

“हो.”

“आमच्या मोठ्याले झालं. म्हणजे आता पुढचे तिघं सुटले ना जी?”

क्षणभर मला काही सुचेना. “असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुम्हीच ना. आत्ता माइकवर.”

त्या प्रश्नाचा गुण तिला मिळाला होता. पेपराच्या हिशोबानं तिचं उत्तर आणि माझं उत्तर एकच होतं.

मंडपाच्या कडेला पोरं अष्टचंग खेळत बसली होती. मी त्यांच्याकडून फोडलेल्या चिंचोक्याच्या दोन फाका मागून घेतल्या; एक बाजू काळी, एक पांढरी. खुर्चीवर बसले, तिला समोर बसवलं. एक फाक तुमची, एक नवऱ्याची. काळी बाजू चांगली, पांढरी सिकलची. दोघांकडेही दोन्ही आहेत. मूल होताना प्रत्येक जण एकच बाजू देतो, कोणती ते आपल्या हातात नाही. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर एसएस. टाका. (चिंचोका काही नाणं नव्हे, त्याचं पडणं थोडं एकीकडे कलतं, पण एवढ्यासाठी पुरे.)

तिनं टाकल्या. एक काळी, एक पांढरी. “एएस,” ती आपणहून म्हणाली. परत टाकल्या. दोन्ही पांढऱ्या.

“हा तुमचा मोठा. आता पुन्हा टाका.”

ती थांबली. फाका मुठीत हलवत राहिली, जरा जास्तच वेळ. मग टाकल्या. दोन्ही पांढऱ्या.

मला ते तसं पडायला नको होतं. शिकवण्याच्या दृष्टीनं याहून नेमकं दान पडणं शक्य नव्हतं, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, काळी पडली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे मागचं दान याले आठवत नाही,” ती म्हणाली.

“नाही आठवत.”

तिनं आणखी चार-पाचदा टाकून पाहिल्या. काळ्या-काळ्या आल्या, मिश्र आल्या. पोरं आपला डाव अडला म्हणून भोवती उभी होती, पण काही बोलली नाहीत. मग मी तिला सांगितलं, की दिवस राहिले तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा नमुना घेऊन बाळाचं तपासता येतं. त्यासाठी आधीपासून डॉक्टरांना सांगून ठेवायचं, दोघांचे रिपोर्ट सोबत न्यायचे, आणि पुढचं काय ते नवरा-बायकोनं डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं. तिनं बोटांवर आठवडे मोजले. प्रसादाचा द्रोण एका हातात तसाच होता. जाताना तिनं फाका पोरांना परत दिल्या आणि एका पोराला विचारलं, “कोनाचं दान होतं रे?”

यंदा मंडळाचे पोट्टे आषाढातच आले. यादी घेऊन. मिक्सरऐवजी या वेळी इंडक्शनची शेगडी आहे म्हणे.

“मॅडम, पंचवीसच काढा जी.”

“सहा काढते. आणि इतवारीतून पाव किलो चिंचोके आणून ठेवा. फोडून.”

“चिंचोके काहून जी?”

“आणा तर.”

त्यानं यादीत लिहिलं: हार, नारळ, माइकवाला, चिंचोके. आणि पुढे कंसात, फोडलेले.